आधी उजवा दंड

आधी त्या मावशीचं सांगते, मग सर्कशीचं. उलटं सांगायला घेतलं की ऐकणारा हत्तिणीतच अडकतो आणि मावशी राहून जाते, असं दोन-तीनदा झालंय.

मावशी म्हणजे यात्रेत टोचणीच्या टेबलाशी सुया उकळणारी बाई. आरोग्य खात्याकडे रोजावर होती, धनजकडची. पन्नाशी उलटलेली, कपाळ मोकळं, पांढऱ्या लुगड्याला निळे काठ आणि हातात कायम चिमटा. स्टोव्हवरच्या पातेल्यातून सुई अशी उचलायची, की तव्यावरची भाकरी उलटतेय असं वाटावं. सुया उकळून झाल्या की चिठ्ठ्याही तीच लिहायची, कारण टोचणाऱ्या म्हाताऱ्या कंपाउंडरला चष्म्यातूनही अक्षर धड दिसत नव्हतं. दंड दिसायचा, तेवढं पुरे होतं. मावशी शाळेत गेलेली नव्हती. त्यांच्या लोकांनी बुद्धाची दीक्षा घेतली, मग विहारात बायकांना अक्षरं शिकवायला लागले, तेव्हा दोन लेकरं मांडीवर घेऊन ती लिहायला शिकली. माझी नोकरी आणि माझा संसार आज जागेवर आहे तो तिच्यामुळे. माझा डावा दंड चार दिवस जागेवर नव्हता, तोही तिच्यामुळेच.

आता माझं. मी मिरजेकडची, तिसरीतून शाळा सुटलेली. शाळा का सुटली याची घरात वेगवेगळी कारणं सांगतात. कोणी म्हणतं शेरडं राखायला लागायची, कोणी म्हणतं धाकट्या भावाला सांभाळायला. खरं कारण असं, की एक दिवस गुरुजींनी देवी काढणारी, म्हणजे देवीची लस टोचणारी माणसं वर्गात आणली. त्यातल्या एकानं पेटी उघडली. पेटीत काय होतं ते मी पाहिलं नाही, कारण तोवर मागच्या खिडकीतून मी उडी मारली होती. दप्तर आत राहिलं, मी बाहेर. ते दप्तर आणायला मी आजवर गेलेली नाही. पुढं जे काही लिहिता-वाचता आलं ते सर्कशीच्या पाट्या वाचून वाचून.

सर्कशीत मी लग्नानं आले. आमचे हे एका लहान सर्कशीत जनरेटर सांभाळतात. लहान म्हणजे एक हत्तीण, दोन घोडे, सहा कुत्री आणि तारेवर सायकल चालवणाऱ्या दोघी बहिणी. मालकांचा नियम एकच : तंबूत जो जेवेल तो राबेल. बायकोला काम असेल तर ती सोबत राहील, नसेल तर सासरी जाईल आणि नवरा वर्षातून दोनदा भेटेल. मला चाळीस माणसांचा स्वयंपाक जमला नाही. पहिल्याच दिवशी भातात मीठ दोनदा पडलं. घोड्यांना मी भीत होते आणि कुत्री मला भीत नव्हती. शेवटचं एकच काम उरलं, बायकांचा दरवाजा. बायकांची बसायची बाजू वेगळी, म्हणून त्यांचा दरवाजाही तंबूच्या मागच्या अंगाला. तिकीट फाडायचं, आत सोडायचं. तो दरवाजा गेला की मी गेले, हे मला रोज सकाळी उठल्याउठल्या आठवायचं. चूळ भरायच्या आधी.

त्या साली आम्ही वाशीमकडच्या मुलखात फिरत होतो. रिसोडला बाजाराच्या गर्दीत आठ दिवस खेळ केला आणि मग मानोऱ्याच्या पलीकडच्या एका यात्रेत तंबू ठोकला. आसपासच्या गावांत पटकी, म्हणजे कॉलरा लागला होता. लोक त्याला महामारी म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत. सरकारचा हुकूम निघाला : टोचल्याची चिठ्ठी असल्याशिवाय कोणालाही तंबूत घ्यायचं नाही. सर्कशीच्या माणसांनीही टोचून घ्यायचं. एकही माणूस बिनचिठ्ठीचा सापडला तर तंबू बंद. टोचणीचं टेबल नेमकं माझ्या दरवाजासमोर मांडलं, दहा पावलांवर. दिवसभर स्पिरिटचा वास माझ्याकडे यायचा आणि मी तोंड तंबूकडे करून उभी राहायचे.

मालकांनी सगळ्यांना ओळीनं विचारलं, टोचलं का? माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, रिसोडलाच टोचलं, चिठ्ठी ट्रंकेत आहे. इतक्या सहज सांगितलं की मलाच क्षणभर खरं वाटलं. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं आणि जनरेटरला तेल घालायला निघून गेले.

पहिल्या दुपारचा खेळ. बायका दुपारच्याच खेळाला येत, कारण दिवस मावळायच्या आत बैलगाड्या परत निघायच्या. दरवाजासमोर रांग लागली. पहिलीला म्हटलं, चिठ्ठी दाखवा.

"हाय ना चिठ्ठी."

कुठाय विचारलं, तर म्हणाली, "त्यायच्या खिशात."

दुसरीची चिठ्ठी त्यांच्या खिशात. तिसरीची त्यांच्या टोपीत. अख्ख्या रांगेची हीच गत. घरातल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या घरधन्यानं एकत्र घडी करून ठेवलेल्या. कागद म्हटला की तो बाप्याच्या खिशातच राहायचा, मग तो सात-बारा असो की बायकोच्या दंडाचा. आणि सगळे बाप्ये पुढच्या दरवाजानं आत जाऊन पहिल्या रांगेत जागा धरून बसलेले.

मला वाटलं, सोपं आहे. आमच्याकडे भोंगा होता. नवऱ्याचं नाव सांगा, मी पुकारायला लावते, म्हटलं. मग पदर तोंडाला लागले आणि कोणीतरी फिस्सकन हसलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तेही सर्कशीच्या दारात, चार परक्या माणसांत? एकजण उखाण्यात घ्यायला तयार झाली, पण तिचा उखाणा लग्नातला, रुखवतापासून सुरू होणारा. मागच्या दोघी-तिघी तिला सुधारायला लागल्या. नाव येईपर्यंत आत घोड्यांचा खेळ संपला असता.

शेवटी पुढची एक ठसकेबाज बाई म्हणाली, नाव नको, खूण सांगते. तिनं खूण सांगितली आणि भोंग्यावरच्या पोरानं ती जशीच्या तशी पुकारली : ज्यांच्या बैलाचं डावं शिंग मोडलेलं आहे, त्यांनी कृपया बायकांच्या दरवाजाशी यावं.

तीन जण आले. तिघांपैकी एकाचीही ती बायको नव्हती. तिचा नवरा आत निवांत शेंगा खात बसला होता, कारण त्याच्या मते बैलाचं शिंग मोडलेलं नव्हतं, थोडं झिजलेलं होतं. आलेले तिघं मात्र आपली बायको बोलावते म्हणून आले आणि बायको रांगेतच नाही म्हटल्यावर माझ्याशी भांडले. एकानं तर भोंग्यावर आपल्या बैलाची बदनामी केली म्हणून तिकीट परत मागितलं.

खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला. मालक मागून आले. ओरडले नाहीत, त्यांचं ओरडणं परवडलं असतं. हळू आवाजात म्हणाले, उद्या असं झालं तर दरवाजावर दुसरी बाई उभी करतो आणि तुला सासरच्या एस्टीत बसवतो.

मी तिकिटांच्या डब्यावर बसून रडत होते. मावशी समोरून चिमट्यासकट आली. काय झालं विचारलं नाही, दहा पावलांवरून तिनं सगळं ऐकलेलं होतं.

"कागद काय पाह्यतं व पोरी? कागदाले दुखत नाई. दंड पाय."

मग तिनं मला शिकवलं. ही सुई टोचली की दुसऱ्या दिवसाला दंड फुगतो, हात लावू देत नाही. ज्यांनी आजच घेतली त्यांच्या दंडाला स्पिरिटचा वास असतो आणि लाल ठिपका ताजा असतो. म्हणजे ज्या बाईची चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात आहे, तिचा दंड दाबायचा. खरोखर कळ आली की तोंडावर दिसते, ती लपत नाही. चिठ्ठी खेळ सुटल्यावर दाखवायला सांगायचं, टेबलावर नोंद आहेच.

हे सांगताना तिनं माझेच दंड दाबून दाखवले. आधी उजवा, मग डावा. मी हूं की चूं केलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोनी सारखेच हायेत."

एवढंच बोलली आणि स्टोव्हकडे गेली. मी त्या दिवशी जेवले नाही.

दुसऱ्या दुपारी मी दंड दाबायला लागले. पहिल्या दहाजणींचं छान झालं. पण रांगेला डोळे असतात. अकरावी बाई मी हात लावायच्या आधीच विव्हळली. बारावी त्याहून मोठ्यानं. तेरावीनं तर लांबूनच "मेले व माय" म्हणत डोळे मिटले आणि एक डोळा उघडून मी बघतेय का ते बघितलं. ज्यांनी टोचलं नव्हतं त्याच जास्त ओरडत होत्या. खरी टोचलेली नुसती दातावर दात धरायची.

मी मावशीकडे पाहिलं. तिनं पातेल्यातून मान वर न करता सांगितलं, "आदी उजवा दाब."

त्या यात्रेत सगळ्यांना डाव्या दंडात टोचत होते. मी उजवा दंड दाबला. तेरावी बाई अशी किंचाळली की आत कुत्री भुंकायला लागली. तिला मी प्रेमानं हाताला धरून समोरच्या टेबलाकडे वळवलं. रांगेतल्या सगळ्या हसल्या, तीही हसली आणि कंपाउंडरसमोर बाही वर केली. पाऊण तासात अख्खी रांग आत. मालक आले, रांग नाही म्हणून घाबरले, आत डोकावले आणि परत गेले. संध्याकाळपर्यंत यात्रेत माझं नाव झालं, दंड दाबणारी बाई. दोन म्हाताऱ्या तिकीट न काढताच आल्या आणि म्हणाल्या, जरा खांदे पण दाब.

भांडणंही झाली. एक मोठ्या शेतकरी घरची बाई होती, सोन्याच्या पुतळ्यांची माळ घातलेली. बाही वर करायला तयारच नव्हती. म्हणाली, "देवळात कोनी दंड पाहत नाई. तुमच्या हत्तीपाशीच काहून?"

मी म्हटलं, हुकूम आहे. हुकूम या शब्दानं ती जास्तच चिडली. तेव्हा मावशी उठून आली.

"देवळात तुमी दोन घडी थांबता, बाई. इथं तीन तास मांडीले मांडी लावून बसता अन् एकाच टाकीतलं पानी पेता. तिकीट दाखवलं ना? तिकीट तुमच्यासाठी. दंड शेजारच्या बाईसाठी."

ती बाई म्हणाली, मला महामारी व्हायची नाही, आमची विहीर स्वच्छ आहे. मावशीनं हातातला चिमटा खाली केला. मग अगदी साध्या आवाजात तिनं सांगितलं, की एका वर्षी तिच्या स्वतःच्या घरातून एका हप्त्यात दोन माणसं गेली, सासू आणि थोरला लेक. सुई गावात आली होती, पण त्यांच्या वस्तीत सगळ्यात शेवटी आली. तोवर उशीर झाला होता. एवढं सांगून ती परत सुया उकळायला गेली.

माळवाल्या बाईनं कोणाकडे न बघता बाही वर केली आणि टेबलाशी जाऊन उभी राहिली. मी मात्र जागची हलले नाही. शेजारच्या बाईसाठी म्हणाली मावशी. दिवसभरात शंभर बायकांचे दंड माझ्या हाताखालून गेले होते आणि त्या सगळ्यांची शेजारची बाई मीच होते. ज्या टाकीतलं पाणी त्या प्यायच्या त्याच टाकीत मी सकाळी तांब्या बुडवलेला होता. मी एकदा टेबलाकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. कंपाउंडरनं सुई उजेडात धरली आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून परतले.

तिसऱ्या दुपारी तपासणीचे साहेब आले. बरोबर शिपाई, हातात वही. पुढच्या दरवाजापासून सुरुवात केली : सर्कशीची माणसं ओळीत उभी करा, चिठ्ठ्या दाखवा. आमचे हे जनरेटर सोडून धावत मागच्या बाजूला आले. त्यांना मुळात बोलायची सवय नाही, जनरेटरच्या आवाजात कोण बोलणार. ते नुसते म्हणाले, "साहेब हत्तिणीपर्यंत आलेत."

हत्तिणीनंतर मीच होते.

मी धावत टेबलाशी गेले. चिठ्ठ्यांचं पुस्तक मावशीपुढं उघडं होतं, शिक्का शेजारी होता. मी तिचे हात धरले. म्हटलं, मावशी, एक चिठ्ठी लिहून दे. एकच. नाहीतर मालक मला सासरी पाठवतील, तंबू बंद होईल, माझ्यामुळे चाळीस माणसं उपाशी राहतील.

मावशीनं हात सोडवून घेतले. रागानं नाही, एका हातात गरम चिमटा होता म्हणून.

"नुसता कागद नाई देनार, पोरी. सुई घे, मंग कागद."

मी सांगितलं, मला जमत नाही. खिडकीचं सांगितलं, दप्तराचं सांगितलं. ती सगळं ऐकत सुई उचलून कंपाउंडरच्या हातात देत होती. मग म्हणाली, इथं खिडकी नाही, तंबू आहे, पळशील तर दोरात पाय अडकून पडशील. आणि माझी बाही तिनं स्वतः वर केली. मागं रांग उभी होती. दोन दिवस मी जिचे तिचे दंड दाबले त्या बायकांची, आणि त्यातल्या कितीतरी दुसऱ्यांदा खेळ पाहायला आलेल्या. शिंग मोडलेल्या बैलवाली सगळ्यात पुढे. त्या मला इतक्या आवडीनं बघत होत्या, की तारेवरच्या सायकलीलाही तेवढं बघितलं नसेल.

मी डोळे मिटले. टोचलं. मी पडले नाही, कारण मावशीनं मला काखेत धरून ठेवलं होतं.

मग ती चिठ्ठी लिहायला बसली. गाव लिहिलं, वय लिहिलं, मला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तीन दिवस या बायकांना मी मनातल्या मनात हसत होते. नाव घ्यायला काय होतं यांना, म्हणत होते. आता रांगेत सगळ्या कान टवकारून उभ्या आणि माझ्या तोंडून नाव निघेना. साहेबांचे बूट वाजायला लागले. मावशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहून टाकलं : जनरेटरवाले यांची बायको. शिक्का मारला. साहेब पोहोचले तेव्हा चिठ्ठी माझ्या हातात होती आणि शाई ओली होती.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. जनरेटरवाले हे नाव आहे का, विचारलं. मग अंगठा फिरवला, अंगठ्याला शाई लागली. ते मालकांकडे वळून म्हणाले, असल्या ओल्या चिठ्ठ्या मी पुष्कळ बघितल्यात, साहेब आला की ओळखीच्या माणसाला लिहून देतात. दंडाचं सांगू नका, ठिपका काय, कुठल्याही टाचणीनं पडतो. तंबू बंद करायला लागेल आणि या रोजावरच्या बाईचीही चौकशी होईल.

माझं मी विसरले. मावशीचा रोज माझ्यापायी जाणार, एवढंच डोक्यात आलं. मला बोलायचं होतं, पण दातखीळ बसली होती. मावशी साहेबांसमोर ताठ उभी.

बोलली ती शिंगवाली. रांगेतून बाहेर आली, पदर खोचला आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, कागदाचं राहू द्या. आमी पाह्यतो."

आणि ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तिच्या तोंडावर काय आनंद होता म्हणून सांगू. तिनं आधी माझा उजवा दंड दाबला. चांगला, रहाट ओढणाऱ्या हातानं दाबला. मी गप्प. रांगेनं माना डोलावल्या. मग तिनं डावा दंड दाबला, नेमका ठिपक्यावर.

मी जी ओरडले ती शाळेच्या खिडकीपासून साठवलेलं सगळं ओरडले. आत बँडवाले थांबले. पलीकडून हत्तिणीनं सोंड वर करून मला उत्तर दिलं. साहेब दोन पावलं मागं सरले आणि त्यांच्या शिपायाची टोपी पडली.

"खरी हाय," शिंगवाली म्हणाली आणि रांगेत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. चिठ्ठी मला परत दिली. जाताना मावशीला म्हणाले, नाव नीट लिहीत जा. मावशी म्हणाली, जी.

मालक थांबले होते. रिसोडला टोचलं म्हणालेली बाई आज टोचून घेते, हे त्यांना कळायला वेळ लागला नव्हता. मी ट्रंक भरायच्या तयारीनंच उभी होते. त्यांनी माझ्या दंडाकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. खोटं बोललीस त्याचे दोन दिवस भांडी घास, म्हणाले, आणि तोवर दरवाजा सोडू नकोस, खेळाची वेळ झाली. मी डाव्या हातानं काही धरू शकत नव्हते, म्हणून उजव्या हातानं आणि दातांनी तिकिटं फाडली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. दरवाजा अजून माझ्याकडे आहे. चिठ्ठी खरोखर ट्रंकेत आहे, जनरेटरवाले यांची बायको म्हणून. आमच्या ह्यांनी ती वाचली तेव्हा ते दिवसभर हसत होते, जनरेटरच्या आवाजातही ऐकू येत होतं. दारावर चिठ्ठी मागावी का, असं मला अजून लोक विचारतात, विशेषतः चिठ्ठी नसलेले. मी म्हणते मागावी, पण मागणाऱ्यानं आधी स्वतःची बाही वर करावी. आणि बाईची चिठ्ठी बाईच्याच कनवटीला द्यावी, म्हणजे बैलांची बदनामी होत नाही.

एक गोष्ट मनातून जात नाही. यात्रा संपेपर्यंत मावशी माझ्या दरवाजापासून दहा पावलांवर होती आणि तिनं सर्कस पाहिली नाही. बँड ऐकला, टाळ्या ऐकल्या, आणि हत्तीण पाण्याला जाताना तिची पाठमोरी बाजू रोज पाहिली. शेवटच्या दिवशी मी तिला आत चल म्हणून ओढत होते, अंगात सुईचा ताप असताना. ती म्हणाली, सुया कोण उकळेल? आणि आमचे ट्रक निघाले.

म्हणून इथं लिहून ठेवते. आमची सर्कस पुन्हा त्या बाजूला जाईल. त्या दिवशी मी मावशीला धनजहून बोलावीन, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवीन, घोड्यांपासून सायकलवाल्या बहिणींपर्यंत अख्खा खेळ दाखवीन आणि हत्तिणीचं तोंडही दाखवीन. आणि ते तीन तास तिच्या टेबलाशी स्टोव्हजवळ बसून, चिमटा हातात धरून, सुया मी उकळीन.